गुरुवारी पाणी बंद

बुधवार

आइसलंडला निघायच्या दिवशी दुपारी चार वाजता माझी आई बादल्या भरत होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार. महापालिकेने पाणी बंदची सूचना दिलेली, आणि तिच्या मागे ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ हे प्रत्येक पुणेकराला पाठ असलेलं शेपूट. बाबा आमच्याबरोबर येणार नव्हते. त्यांना कर्वेनगरातून सिंहगड रस्त्याला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशी सांगावं लागतं. त्यामुळे दोन बादल्या, एक घंगाळ, कुकरची मोठी भांडी आणि पिण्याचं पिंप भरून झाल्यावरच आईने साडी बदलायला घेतली.

तिकिटं स्वस्त मिळाली त्यामागेही एक गोष्ट आहे. मी तारीख सांगितल्यावर आईने आधी कालनिर्णय काढलं. ‘‘अगं, पितृपंधरवडा आहे.’’

‘‘म्हणूनच स्वस्त असतील,’’ नवरा म्हणाला. माझ्या मते दोन्ही गोष्टींचा काही संबंध नव्हता, सप्टेंबरच्या मध्यावर तिकडची गर्दीच ओसरते. पण आईला ते पटलं. पंधरवड्यात खरेदी करू नये, फिरायला जाऊ नये असं कुठे लिहिलंय, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं.

सहाला टॅक्सी निघाली. पुणेकराचा लांबचा परदेश प्रवास विमानात सुरू होत नाही, तो घाटात सुरू होतो. विमान पहाटे दोन पन्नासचं, म्हणून घरातून संध्याकाळी सहाला निघायचं, हे पुण्याबाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग, आणि त्यात खंडाळ्याजवळ ट्रकच्या मागे ट्रक, काचेवर पाऊस, पुढे नुसतं धुकं आणि लाल दिवे. अमृतांजन पुलाच्या जागेपाशी (पूल 2020 साली पाडला, पण आम्ही अजून ‘अमृतांजन पुलापाशी आहोत’ असंच कळवतो) पाऊण तास गेला. ड्रायव्हरदादा मात्र निवांत. ‘‘काकू, फ्लाइट चुकायची असती तर तुम्ही आठला निघाला असता.’’

विमानतळावर सुरक्षा तपासणीत आईची हातातली पिशवी बाजूला काढली गेली. पिशवीत निघालं ते असं: दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, तुळशीबागेतून आणलेला पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणि एक निळा प्लॅस्टिकचा मग. मेतकुटाची पिशवी दोन वेळा मशिनमधून गेली. मगाकडे त्या तरुण अधिकाऱ्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत ठेवला. त्याच्याही घरी कोणी तरी असणार.

पोशाख मोठ्या बॅगेत का नाही टाकला, असं मी विचारलं होतं. ‘‘बॅगेचा काय भरवसा?’’ आई म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा.

गुरुवार

विमानात काय झालं ते मला आठवत नाही, कारण मी झोपले. आई झोपली नाही. तिने नऊ तास पडद्यावरचं ते छोटं विमान बघितलं आणि फ्रँकफर्ट आलं तेव्हा वाटेतले सगळे देश तिला माहीत होते.

फ्रँकफर्टला शेंगेनचा शिक्का पासपोर्टवर पडला आणि मग सहा तास. एका खांबाला टेकून दशम्या खाल्ल्या. पाण्याच्या बाटलीची किंमत मी आईला रुपयांत सांगितली नाही. तिने ती हिशेब करून मला सांगितली.

तिथून आइसलंडचा विमानतळ, केफ्लाविक, पावणेचार तास. घड्याळ पुन्हा दोन तास मागे. आइसलंड वर्षभर एकाच वेळेवर चालतं, उन्हाळ्याची वेळ वगैरे नाही, भारतापेक्षा साडेपाच तास मागे. खिडकीतून ढग फाटले आणि खाली जे दिसलं ते बघून नवरा म्हणाला, ‘‘हे तर आपलं सासवडचं पठार.’’ झाड नाही, काळा दगड, त्यावर राखाडी-हिरवट काही तरी. अगदीच खोटं नव्हतं. पुणं ज्या काळ्या पाषाणावर बसलंय तोही लाव्हाच, बेसॉल्टच. फरक इतकाच, की आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि इथला काही ठिकाणी अजून व्हायचा आहे.

पट्ट्यावर तीन बॅगांपैकी दोन आल्या. तिसरी आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला, एक गुलाबी बालगाडी चार वेळा आमच्यासमोरून गेली, मग तीही कोणी उचलली. तिसऱ्या बॅगेत आम्हा दोघांचे पोहण्याचे कपडे, टॉवेल, माझा शांपू, नवऱ्याच्या चपला. खिडकीपलीकडची मुलगी फार गोड होती. बॅग फ्रँकफर्टलाच आहे, तिने सांगितलं, जणू बॅगेने स्वतःहून राहायचं ठरवलं होतं. फॉर्म भरला, रंग निवडला, चाकं किती ते लिहिलं.

आई काही बोलली नाही. नुसती पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

ब्लू लगून ह्या गरम पाण्याच्या तळ्यात उतरायची वेळ सहाची घेतलेली. तिथे आगाऊ वेळ ठरवावी लागते, आणि जितकी सोयीची वेळ तितकं तिकीट महाग. विमानतळावरून वीस मिनिटांवर आहे, त्यामुळे बरेच लोक आल्या आल्या किंवा परतीच्या वाटेवर जातात. मीच आखणी केली होती: लांबचा प्रवास, अंग आंबलेलं, थेट गरम पाण्यात. कागदावर छान दिसत होतं. प्रत्यक्षात आम्ही बसमध्ये तिघं तिघांच्या खांद्यावर मान टाकून बसलो होतो.

मुख्य रस्ता सोडून बस ग्रिंदाविककडे वळली आणि नवऱ्याची झोप उडाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवाकोरा लाव्हा. जुन्या लाव्हावर जाड, स्पंजासारखं शेवाळ असतं. ह्यावर काही नव्हतं, खरपुडीसारखा काळा आणि काही ठिकाणी अजून वाफ निघणारा. रस्ताच लाव्हावर नव्याने घातलेला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये भूकंपांमुळे ग्रिंदाविक गाव एका रात्रीत रिकामं केलं, 18 डिसेंबरला जमीन फाटली, आणि तेव्हापासून पुनःपुन्हा उद्रेक होत राहिले. आम्ही जिथे चाललो होतो तिथल्या जुन्या पार्किंगवर नोव्हेंबर 2024 मध्ये लाव्हा येऊन बसला. भोवती मुरमाचे उंच बांध घातलेत, धरणाच्या भिंतीसारखे; लाव्हा आला की बांधाला घासून बाजूने जावा म्हणून.

नवरा भोसरीच्या एका कारखान्यात युटिलिटी सांभाळतो. बॉयलर, पंप, वाफेच्या लाइनी हे त्याचं घर. फोनवर वाचत वाचत तो आईला सांगायला लागला. ‘‘आई, हे बघा, 8 फेब्रुवारी 2024. लाव्हा ह्याच रस्त्यावर आला आणि पलीकडच्या गावांना जाणारी गरम पाण्याची मोठी लाइन तुटली. वीस हजारांवर माणसं, ऐन थंडीत, आणि घरात गरम पाणी नाही. इथे घरं तापतात तीही त्याच पाण्यावर.’’

‘‘गुरुवार असेल,’’ आई डोळे मिटूनच म्हणाली.

आम्ही हसलो. मग नवऱ्याने कॅलेंडर उघडून पाहिलं. गुरुवारच होता.

ब्लू लगून आधी दिसत नाही, वाफ दिसते. दोन ठिकाणची वाफ. एक तळ्याची आणि एक त्याच्या मागच्या स्वार्त्सेंगी वीजकेंद्राची, चिमण्या, टाक्या, चकचकीत नळ्यांसकट. जाहिरातीतल्या फोटोत ही दुसरी वाफ कधी येत नाही. माझ्या नवऱ्याने मात्र तळ्याकडे पाठ करून आधी तिचे चार फोटो काढले.

गोष्ट अशी आहे, की हे तळं त्या केंद्राचं सांडपाणी आहे. मला हे माहीत होतं. आईला सांगितलेलं नव्हतं. केंद्र 1976 पासूनचं. दोन-दोन किलोमीटर खोल विहिरींतून सव्वादोनशे-अडीचशे अंशांचं पाणी वर येतं, दोन भाग समुद्राचं आणि एक भाग गोडं. त्यात क्षार इतके, की घराघरांत थेट सोडलं तर नळ्या बुजतील. म्हणून ह्या पाण्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून चांगल्या पाण्याला देतात, आणि वापरून झालेलं बाहेर लाव्हावर सोडून देतात. हिशेब असा होता, की भेगाळलेला लाव्हा, सगळं मुरून जाईल. पण पाण्यातल्या सिलिकाने, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाने, भेगाच लिंपून टाकल्या. पाणी मुरेना, डबकं साचलं. 1981 साली सोरायसिस हा त्वचारोग झालेल्या एका माणसाने त्यात उतरून बघितलं आणि त्याला बरं वाटलं. हळूहळू लोक यायला लागले, 1987 मध्ये रीतसर आंघोळीची सोय झाली. आत्ताची जागा 1999 ची, जुन्या डबक्यापासून थोडी दूर.

हे सगळं नवऱ्याने रांगेत उभं असताना सांगितलं.

‘‘म्हणजे कारखान्याचं सांडपाणी,’’ आई म्हणाली.

‘‘आम्ही ह्याला ब्लोडाउन म्हणतो, आई. आमचं आम्ही गटारात सोडतो.’’

‘‘आणि इथे तिकीट?’’

मनगटावर पट्टा मिळाला. त्यानेच लॉकर उघडतो, त्यावरच पेय मिळतं, पैसे जाताना. टॉवेल तिकिटात होता. आम्हा दोघांना कपडे भाड्याने घ्यावे लागले. काळे, सगळ्यांचे सारखे, आणि माझा एक माप मोठा. आई तुळशीबागेचा पोशाख हातावर टाकून ऐटीत पुढे गेली.

बायकांच्या भागात खरी परीक्षा. तळ्यात क्लोरीन नसतं, म्हणून उतरायच्या आधी साबण लावून, अंगावर काही न ठेवता आंघोळ करायची, असा इथल्या सगळ्याच तलावांचा कडक नियम. भिंतीवर चित्र, कुठे कुठे साबण लावायचा त्याच्या खुणांसह. आईने ते चित्र चष्मा लावून नीट वाचलं. बाजूला दार असलेल्या बंद मोऱ्या होत्या म्हणून वाचलो. दागिने काढा, अशीही सूचना होती. मंगळसूत्र मी लॉकरमध्ये ठेवलं. आईच्या पाटल्या गेल्या वीस वर्षांत उतरलेल्या नाहीत, आणि जोडवी ती काढणार नव्हतीच. केसांना भरपूर कंडिशनर लावून घ्या, नाही तर सिलिकाने केस काथ्यासारखे होतात, हेही सांगितलं होतं. शांपूच्या बॅगेच्या आठवणीने मी वैतागले, मग कळलं की दोन्ही भिंतीवरच्या डब्यांत फुकट आहे.

बाहेर पाऊल टाकलं तर हवा सात-आठ अंश. वारा असा, की ओल्या अंगाला सरळ कापतो. दहा पावलं पळत जाऊन पाण्यात उतरायचं. मी उतरले, मानेपर्यंत बुडाले आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं. खरोखरची आई अजून काठावर उभी होती, कठडा धरून, एक पाय पाण्यात घालून.

घरातून निघून बरोब्बर तीस तास झाले होते. पुण्यात मध्यरात्र.

पाण्याचा रंग सांगते. निळा म्हणतात, पण ओंजळीत घेतलं तर निळा नाही. तांदूळ धुतल्यावरचं पाणी असतं ना, तसं. ओंजळीबाहेर सगळं निळं, कारण पाण्यात तरंगणारी बारीक सिलिका उजेडातला निळा तेवढा इकडेतिकडे फेकते. आईला हे सांगावं लागलं नाही. ‘‘धोतरांना नीळ घालायचो तशी बादली,’’ ती म्हणाली. काठाचे काळे दगड पाण्याच्या रेषेपर्यंत पांढरे, चुना फासल्यासारखे. बोटाने खरवडलं तर दगडच. तळाशी मात्र मऊ चिखल, पायाच्या बोटांमधून सुळकन निघून जाणारा. त्या दगडांच्या पलीकडे शेवाळाने मढलेला इल्लाहराउन, म्हणजे ‘वाईट लाव्हा’. तो 1226 च्या सुमाराचा. आठशे वर्षांत त्याने एवढंच केलं, शेवाळ धरलं.

उन्हं कलली होती. वाफेच्या पलीकडे सूर्य, माणसांची डोकी नुसती तरंगताना दिसत होती, आणि सगळ्यांची तोंडं पांढरी. कारण मध्यभागी एका खिडकीत सिलिकाचा लेप वाटतात, तोंडाला लावून दहा मिनिटं थांबायचं. नवऱ्याने वाटीत लेप घेतला, दोन बोटांत चोळला, आणि त्याचा चेहरा एकदम कारखान्यात असतो तसा झाला.

‘‘अगं, हे स्केल आहे, क्षारांचा थर. आमच्या लाइनीत हे धरलं की शटडाउन घेतो, छिन्नीने फोडतो. दर वर्षी.’’

‘‘लाव आता तोंडाला.’’

लावलं. नंतर गाल खरंच मऊ वाटत होते, त्याने तीन वेळा हात फिरवून बघितला. मला त्या चेहऱ्यात वीस वर्षांचा बॉयलर एकवटलेला दिसला.

आता आई. ती शेवटी उतरली, पाणी छातीपर्यंत आलं तशी थांबली, हात पसरून पाण्यावर दोन वेळा थापट्या मारल्या. आजूबाजूला जगभरातली माणसं डोळे मिटून स्वर्गात होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पैसे भरलेल्या माणसाचं बघणं होतं ते.

‘‘कसं आहे?’’

‘‘कोमट आहे गं.’’

माझ्या आईचं माहेर संगमेश्वराकडे. आरवली, तुरळ, राजवाडी ही गरम कुंडं तिच्या लहानपणीची. हायवेवरून जाता-येता लोक आता गाडी थांबवून पाय बुडवतात, पण तिच्या आठवणीत तिथली आंघोळ म्हणजे चांगला अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. कढत पाणी, एकदम शिरता येत नाही, आधी पाय, मग गुडघे, मग कोणी तरी मागून ढकलायचं. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. तिकीट नाही, लेप नाही, अंग लालबुंद झालं की बाहेर आणि मग काठावर बसून चुरमुरे. इथे पाणी सदतीस ते चाळीस अंशांवर धरून ठेवतात. म्हणजे साधारण तापाएवढं. आईच्या लेखी तो ताप, आंघोळ नव्हे.

नवऱ्याने तिला समजावलं, की कोकणातली कुंडं ज्वालामुखीची नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. इथे मात्र खाली खरंच रसरसतंय, दोन खंडांच्या तबकड्या वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरने लांब सरकतात, आणि ती शीव ह्याच द्वीपकल्पावरून जाते.

‘‘एवढा जाळ खाली,’’ आई म्हणाली, ‘‘आणि पाणी कोमट.’’

तरी ती बाहेर निघाली नाही, हेही लिहिलं पाहिजे. पुलाखाली जिथे गरम पाणी आत येतं तो कोपरा तिने पाच मिनिटांत शोधून काढला आणि तिथेच ठाण मांडलं. शेजारी एक पोलंडची बाई होती, तीही त्याच शोधात आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई हाताने दाखवत होती, इथे ये, इथे जास्त आहे. फुकटच्या पेयात आम्ही दोघांनी रस घेतला. आईने ‘‘चहा आहे का विचार’’ म्हटलं, नव्हता, मग तिनेही रस घेतला आणि तो फार थंड आहे म्हणून पेला पाण्यात बुडवून धरला.

दोन तास झाले. बोटांच्या सुरकुत्या पांढऱ्या पडल्या. माझे केस कंडिशनर लावूनही वाळलेल्या पेंढ्यासारखे झाले ते झालेच.

शुक्रवार, म्हणजे पुण्यातला

राजधानीत, रेक्याविकला, हॉटेलात पोचलो तेव्हा तिथले साडेदहा. खोलीत आल्याबरोबर आई न्हाणीघरात शिरली आणि लगेच बाहेर आली.

‘‘उकडलेल्या अंड्याचा वास येतोय नळाला.’’

गरम नळाला येतो, जमिनीतल्या गंधकाचा. थंड नळाला अजिबात नाही, ते पाणी तर सरळ प्यायचं, बाटली विकत घेणारा इथे वेडा ठरतो. हे ऐकल्यावर आईने गरम नळ पूर्ण सोडला, हात खाली धरला आणि चटकन मागे घेतला. चेहरा फुलला तो त्या दिवसात पहिल्यांदा. पिशवीतून निळा मग निघाला. बादली नव्हती, म्हणून बेसिनला बूच लावून ते भरलं, आणि पुढचा अर्धा तास आतून पाणी ओतल्याचे आवाज येत राहिले, वाफ दाराखालून बाहेर.

बाहेर आली ती लालबुंद. ‘‘ही आंघोळ,’’ एवढंच म्हणाली आणि पलंगावर पाय सोडून बसली. तेव्हा दिसलं, चांदीची जोडवी काळी ठिक्कर पडली होती. तिने माझी टूथपेस्ट मागितली, रुमालाच्या टोकावर घेतली आणि एकेक जोडवं घासायला बसली. बॅगेचा काहीच पत्ता नव्हता (ती शनिवारी आली). नवरा कपड्यांसकट झोपला होता.

बारा वाजता बाबांचा फोन आला. पुण्यात साडेपाच. कसा झाला प्रवास वगैरे त्यांनी विचारलं नाही.

‘‘पाणी आलंय,’’ ते म्हणाले. ‘‘बारीक धार आहे.’’

‘‘घंगाळ आधी लावा,’’ आई म्हणाली, जोडवं उजेडात धरून बघत. ‘‘बादल्या नंतर.’’